गलबत आधी रानात उगवते



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगाव तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. आज लेकरांची पाळी. वाढ्याने घडवलेले सागाचे नंदी, कोणाचा वीतभर, कोणाचा कमरेइतका, चाकांवर बसवून, गळ्यात घुंगरू बांधून पोरे रांगेने उभी राहतात आणि मग घरोघर बोजारा मागत फिरतात. यंदा आर्वी तालुक्यातल्या एका गावी मला बक्षिसे वाटायला बोलावले होते. तिथे पाचवीतल्या एका मुलाने मला अडवले.

"साहेब, शाळेत सांगतात का महाराजांनं आरमार बांधलं. माह्या एका नंदीले एवढं मोठं लाकूड लागलं. मंग एवढ्या जहाजाले लाकूड आनलं कुठून जी?"

त्याचा आजा शेजारीच होता. तो म्हणाला, "जंगलातून आनलं असन, अन् कुठून?"

पोरगा थांबला नाही. "मंग ते जंगल कोनाचं होतं?"

मी कृषी खात्याचा माणूस. माती, बियाणे, खते, कीड यांचे विचारा, लगेच सांगतो. या प्रश्नाला मात्र "पुढे सांगीन" असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटले की, पोराने विचारले ते आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. म्हणून आजचे पान त्या उत्तरासाठी.

समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेलाही नाही. त्यामुळे आरमार म्हटले की आपल्याला तोफा, शिडे आणि लाटा आठवतात. पण लढाईचे गलबत पाण्यात उतरते ते शेवटी. त्याआधी ते रानात उगवते. तळाचा कणा, फळ्या, डोलकाठी, वल्ही, सारे झाडांचे. शीड सुताच्या जाड कापडाचे. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा आणि वर राळ व तेल द्यायचे. दोर काथ्याचा. आत खलाशांना धान्य हवे. म्हणजे समुद्रावरच्या ताकदीचे मूळ जमिनीत असते. हे ज्यांनी ओळखले त्यांचे काय झाले आणि ज्यांनी ओळखले नाही त्यांचे काय झाले, याचे दोन दाखले पाहू. पहिला फार दूरचा आहे.

आजपासून अडीच हजार वर्षांपूर्वी, युरोप आणि आफ्रिका यांच्यामधल्या भूमध्य समुद्रावर ग्रीक लोकांचे अथेन्स नावाचे शहर होते. त्यांच्या मुलखात चांदीची खाण लागली. नागरिकांचा विचार होता की ही चांदी माणशी वाटून घ्यावी. थेमिस्टोक्लीस नावाच्या पुढाऱ्याने त्यांचे मन वळवले आणि इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास त्या चांदीतून लढाऊ जहाजे बांधायला लावली. ही जहाजे सुमारे १२० फूट लांब आणि अगदी अरुंद. वल्ह्यांच्या तीन ओळी एकावर एक, आणि १७० माणसे ती ओढणारी. नाकाशी पाण्यालगत काशाची जड सोंड बसवलेली. तोफा तेव्हा नव्हत्या. वेगाने जाऊन शत्रूच्या जहाजाच्या कुशीत ही सोंड घुसवायची, हीच लढाई. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणच्या बादशहाचे कितीतरी मोठे आरमार चालून आले. सालामिसच्या अरुंद सामुद्रधुनीत ग्रीकांनी ते गाठले. जागा एवढी चिंचोळी की मोठ्या आरमाराची जहाजे एकमेकांत अडकली. ग्रीकांनी ती फोडली.

या जहाजांची वल्ही ओढणारे बहुतेक गरीब, बिनजमिनीचे नागरिक होते. शहर आपल्या हातांवर तरले हे त्यांना समजले आणि राज्यकारभारातही त्यांच्या शब्दाला वजन आले.

पण या ताकदीत एक खोट होती. अथेन्सच्या मुलखात जहाजाजोगे लाकूड पुरेसे नव्हते. ते उत्तरेच्या मॅसिडोनियाकडून घ्यावे लागे आणि त्यासाठी तिथल्या राजाशी करार करावे लागत. इ. स. पूर्व ४२४ मध्ये लाकडाच्या वाटेवरचे अँफिपोलिस हे ठाणे हातचे गेले, तेव्हा शहरात घबराट पसरली. धान्याचीही तीच गत. गव्हाचा मोठा वाटा काळ्या समुद्राकडून जहाजांनी येई. इ. स. पूर्व ४०५ मध्ये त्याच वाटेवर त्यांची जहाजे किनाऱ्याला ओढून ठेवलेली होती आणि खलाशी अन्नाच्या शोधात पांगले होते. शत्रूने नेमका तोच मोका साधून जवळजवळ सारे आरमार काबीज केले. धान्याची वाट बंद झाली. उपासमार होऊन पुढच्याच वर्षी अथेन्सने हात टेकले. लाकूडही दुसऱ्याचे आणि भाकरही दुसऱ्याची. मग जहाजे गेली की सगळेच गेले.

आता आपल्या घरचा दाखला.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि स्वराज्याची हद्द खाडीला भिडली. समुद्रावर तेव्हा पोर्तुगीज, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांचा दरारा. किनाऱ्यावरच्या गावांवर सिद्दीच्या स्वाऱ्या होत, माणसे धरून नेली जात. जमिनीवर राज्य करून किनाऱ्यावरची रयत सांभाळता येत नाही, हे महाराजांनी पाहिले आणि जहाजे बांधायला घेतली. आरंभी काही पोर्तुगीज कारागीर कामावर होते. त्यांच्या लोकांनी त्यांना फूस लावून परत नेले, तरी काम थांबले नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. त्या वेळी बरोबर ८५ लहान लढाऊ गलबते आणि ३ मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या कागदांत आहे. या गलबतांवर कोळी, भंडारी, आगरी होते आणि दौलतखानासारखे मुसलमान सरदारही होते.

मराठ्यांची मुख्य जहाजे दोन तऱ्हेची, गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातल्या ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन करून ठेवले आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. वजन दीडशे ते तीनशे टन. बांधणी रुंद आणि तळ उथळ. तिची पुढे आलेली नाळ भूमध्य समुद्रावरच्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी असे, असे तो लिहितो. फरक इतकाच की सोंडेच्या जागी इथे समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. गलबत तिच्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले; त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि वल्ह्यांवर ताशी चार मैलांची चाल. वारा पडला की गलबतांनी दोर बांधून गुराबेला ओढत न्यायचे, आपण चिखलात रुतलेल्या बंडीला दुसरी बैलजोडी लावतो तसे.

हे लहानपण कमीपणाचे नव्हते, कामाचे होते. पाऊलवाटेवर बंडी चालत नाही, तिथे पाठीवर गोणी घातलेला बैल चालतो. कोकणचा किनारा खाड्यांचा, खडकांचा आणि उथळ पाण्याचा. इंग्रजांची जहाजे उंच, जड, वाऱ्यावर चालणारी. १६७९ मध्ये याची परीक्षा झाली. मुंबईच्या दक्षिणेला थळच्या समोर खांदेरी नावाचे बेट आहे. मायनाक भंडारी याने तिथे माणसे उतरवून तट बांधायला सुरुवात केली. मुंबईच्या तोंडाशी किल्ला म्हणजे इंग्रजांच्या उशाशी विंचू. त्यांनी जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबर १६७९ च्या सकाळी मराठ्यांची गलबते वल्हवत त्यांच्यावर चालून गेली आणि 'डव्ह' नावाचे इंग्रजी जहाज धरले. इंग्रजांच्या 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने नेटाने लढून हल्ला परतवला. पण त्यानंतरही रात्रीच्या अंधारात लहान होड्या उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवीतच राहिल्या. जड जहाजांना त्यांच्या मागे जाता येईना. अखेर १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी बोलणी करून वेढा उठवला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. लाकूड कुठून, आणि जंगल कोणाचे?

जहाजाला सर्वांत चांगले लाकूड सागाचे. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही आणि त्यात ठोकलेला खिळाही लवकर गंजत नाही. इंग्रजांचे ओकचे लाकूड लोखंड खाते. सागाचे टिकाऊपण पाहायचे असेल तर मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. आपल्या बोरच्या रानात आणि आर्वी, कारंजा, आष्टीकडे हाच साग आहे. आपल्याकडचे लाकूड मराठ्यांच्या जहाजांना गेले, असा माझा दावा नाही. पण झाड तेच, आणि ते वाढायला लागणारा काळही तोच. आपल्यासारख्या कोरड्या मुलखात सागाचा चांगला सोट तयार व्हायला माणसाची एक पिढी पुरत नाही.

रामचंद्रपंत अमात्य हे महाराजांच्या हाताखाली घडलेले कारभारी. महाराजांची रीत पुढच्यांना कळावी म्हणून त्यांनी आज्ञापत्र नावाचा ग्रंथ लिहिला. तो १७१५-१६ च्या सुमाराचा मानतात. त्यात आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजे फार थोर नकोत, फार लहानही नकोत, वारा नसला की निरुपयोगी होतील अशी तर नकोतच, असे त्यात सांगितले आहे. त्याच प्रकरणात लाकडाचाही नियम आहे. आपल्या शब्दांत सांगायचे तर तो असा: राज्याच्या रानातला साग हवा तर सरकारला लिहून, परवानगी घेऊन, लागेल तेवढाच तोडावा. त्यापुढे लागेल ते लाकूड बाहेरच्या मुलखातून विकत आणावे. आंबा, फणस यांचे लाकूडही जहाजाला चालते. पण या झाडांना धक्का लावायचा नाही. ही झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरागत वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहील काय? एखादे झाड फारच जुने होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करावे, त्याला पैसे द्यावे, तो संतोषाने देईल तरच न्यावे. जबरदस्ती कदापि करू नये. एकाला दुखवून केलेले काम थोड्याच काळात करणाऱ्यासकट बुडते, हेही तिथे बजावले आहे.

हा नियम पुष्कळदा महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो. तो आहे अमात्यांच्या ग्रंथात. पण त्यामागची शिकवण महाराजांची. १६७६ साली महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ज्या कुणब्याजवळ बैल नाही त्याला बैल घेऊन द्या, खायला नसेल तर धान्य द्या, दिलेले वाढीदिढी न लावता त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू मुद्दलच वसूल करा, असा त्याचा आशय. हा सुभा कोकणातलाच, समुद्राला लागून.

एका बाजूला सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज. जहाजे तातडीने हवीत. आंबा दारात उभा, हुकूम सोडला की दुपारपर्यंत आडवा होईल. युद्धाची निकड असताना राजाला कोण अडवणार? तरीही त्या आंब्याच्या आड नियम उभा केला. लाकडासाठी रयत दुखावली तर उद्या त्या जहाजावर वल्हे मारायला तिचा मुलगा मनापासून येणार नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून पोरा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे की, रान राज्याचे होते, धुऱ्यावरचा आंबा कास्तकाराचा होता, आणि या दोहोंतला फरक राज्याने मान्य केला होता.

पुढे या आरमाराचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले, तोवर या किनाऱ्यावर कोणा परक्याचे चालत नव्हते. पण त्यांच्या मुलांत भाऊबंदकी आली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीना. नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची जहाजे विजयदुर्गावर आली. त्यांचा एक तोफगोळा तिथल्या एका जहाजावर पडून आग लागली. जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. बघता बघता आंग्र्यांचे सारे आरमार जळाले. किती पिढ्यांचा साग तो! त्या मोहिमेतला क्लाइव्ह पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, प्लासीला बंगाल जिंकून गेला. भावाभावांच्या धुऱ्याच्या भांडणात तिसऱ्याला पंच केले की वावर कोणाकडे जाते, हे आपण गावात पाहतोच.

आता थोडे माझे स्वतःचे. नोकरीच्या सुरुवातीला मी तरुण होतो आणि पुस्तकातले सगळे खरे मानत होतो. धुऱ्यावरच्या झाडाची सावली पडते, मुळ्या ओल खातात, चार तास पऱ्हाटी दबते. तेव्हा झाड काढा, असे मी बेधडक सांगत असे. एका कास्तकाराने माझे ऐकून बापाच्या हातचा आंबा तोडला आणि वीटभट्टीवाल्याला मिळेल त्या भावात विकला. पुढच्या हंगामात मी त्या वावरात गेलो. नेहमी त्या आंब्याखाली बसून आमचे बोलणे होई. त्या दिवशी उन्हात उभे राहून झाले. निघताना घरची म्हातारी म्हणाली, "पऱ्हाटीवर सावली पडे, खरं आहे साहेब. पण ते आमच्यावरही पडे ना जी."

मी हिशोब चुकीचा केला नव्हता, अर्धाच केला होता. त्या चार तासांत कापूस थोडा वाढलाही असेल. पण डवरणीच्या वेळी बैल कुठे बांधायचे, लोणच्याच्या कैऱ्या कुठून आणायच्या, हे मी मांडलेच नव्हते. आणि घरच्या बाईला तर मी विचारलेही नव्हते. अमात्यांनी मालकाच्या संतोषाची अट का घातली, हे मला त्या उन्हात समजले.

म्हणून आता मी वेगळे सांगतो. झाड लावायचे तर शक्यतो उत्तरेच्या धुऱ्यावर लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, सावली वावराबाहेर पडते. मात्र ती शेजाऱ्याच्या वावरात पडणार; तेव्हा आधी त्याला विचारा. सागाची जडी पावसाच्या सुरुवातीला लावा आणि पहिली दोन वर्षे गुराढोरांपासून जपा. दोन साग लावले तर सोबत एक आंबा किंवा चिंच लावा, म्हणजे साग मोठा होईपर्यंत घरात काही येत राहील. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. ई-पीक पाहणीतही धुऱ्यावरची झाडे नोंदवता येतात. साग, आंबा, फणस, चिंच, मोह अशी झाडे स्वतःच्या वावरातली असली तरी तोडायला परवानगी लागते; १९६४ चा कायदा आहे. आणि व्यापारी दारात आला की पहिल्या भावाला होकार देऊ नका. घेर मोजा, चार ठिकाणी भाव विचारा आणि रात्री घरात सर्वांशी बोला. लग्नाची, दवाखान्याची निकड असते, हे मला ठाऊक आहे. पण निकड तर आरमारालाही होती.

त्या मुलाच्या आज्याने परवा निरोप पाठवला आहे. पोराने नंदीच्या बोजाऱ्याचे पैसे खाऊत घालवले नाहीत, आंब्याचे कलम आणायला ठेवले आहेत. कलम कुठे लावायचे, असे त्याने विचारले आहे. मी कळवले की, उत्तरेचा धुरा बघ, आणि आधी आजीला विचार.

पुढील अंकात: कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि कामगंध सापळे.